पेंटियमवरचा भंडारा

दुकानात आले की आबा आधी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवायचे. मग तो हात पुढून मागे, मानेपासून कमरेपर्यंत सावकाश फिरवायचे. मागच्या बाजूला अंगठा दाबून बघायचे आणि मला विचारायचे, "अंग धरलंया का?"

डबा पत्र्याचा. तो काय अंग धरणार? पण मी म्हणायचो, "धरलंय, आबा."

"बगू मग. म्होरल्या बाजाराला."

एवढं बोलून ते खांद्यावरचं घोंगडं सारखं करायचे आणि खुर्ची रिकामी असतानाही जमिनीवर भिंतीला टेकून बसायचे. एकदा बसले की लवकर उठायचे नाहीत.

आता माझ्या दुकानात माणसं येतात आणि विचारतात, घरच्या कॉम्प्युटरला दोन कोरचा प्रोसेसर घेऊ की चार कोरचा? या प्रश्नाचा मला मनापासून कंटाळा आला आहे. चारचा घ्या म्हटलं की त्यांना वाटतं, हा गळ्यात मारतोय. दोनचा पुरेल म्हटलं की वाटतं, जुना माल खपवतोय. घरी त्यावर काय करणार आहात, असं विचारलं तर नवरा बायकोकडे बघतो आणि बायको छताकडे. तुम्हीही कधी काउंटरच्या त्या बाजूला उभे राहिला असाल, तेव्हा तुम्हाला वेगळं सांगायला नको. नव्वदच्या दशकात हाच प्रश्न दुसऱ्या नावाने यायचा. फोर-एटी-सिक्स घेऊ की पेंटियम? तेव्हा विचारणाऱ्यांतला एकही चेहरा आता आठवत नाही. आठवतात ते फक्त आबा.

त्यांचं गाव कवठे महांकाळच्या पलीकडचं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरणारं. आबांच्या हयातीत ते फिरणं जवळजवळ थांबलं होतं. थोडी कोरडवाहू जमीन होती, थोडी मेंढरं होती, आणि बाजाराच्या दिवशी सांगलीत येऊन लोकांना जनावर पारखून द्यायचं काम होतं. त्या बाजारात त्यांच्या हाताला मान होता. आबांनी पाठीवरून हात फिरवून मान हलवली की घेणारा पुढचं काही विचारत नसे.

पहिल्यांदा आले तेव्हा बरोबर सून होती आणि लहानगी नात होती. मुलगा लष्करात ड्रायव्हर होता. घाटात गाडी कोसळली आणि तो गेला. त्याच्यामागे आलेले पैसे आबांनी सुनेच्याच नावावर ठेवले होते. सून साताऱ्याची, शिकलेली. सांगलीत क्लास लावून तिने कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणं, पानं लावणं, सगळं शिकून घेतलं होतं. बोलली तीच.

"माझ्या भावाचा साताऱ्यात छापखाना आहे. खिळे जुळवायचं काम आता बंद पडत आलंय. तो म्हणतो, तू घरी मशीन घेऊन बस, लग्नपत्रिका, हँडबिलं, सगळं टायपिंग तुझ्याकडे देतो. हिची शाळा पण तिकडंच होईल."

आबांनी मान डोलावली. "मशीन आलं की ह्या दोगी साताऱ्याला. मग म्या आन् मेंढरं." आणि ते हसले. गिऱ्हाईक हसलं की दुकानदार हसतो, म्हणून मीही हसलो.

मी दोन्ही मशिनं चालू करून दाखवली. नुसत्या मजकुराच्या कामाला फोर-एटी-सिक्स पुरेल, चित्रं-फोटो टाकायचे असतील तर पेंटियम बरा, हे नेहमीचं पुराण सांगितलं. आबांनी ते एका ओळीत आवरलं.

"म्हंजी योक चालनारं आन् योक पळनारं."

"तसंच समजा."

"पळनारं लौकर दमतंय."

"आबा, मशीन दमत नाही."

त्यांनी डब्याला कान लावला. आत प्रोसेसरवरचा पंखा घरघरत होता. "मग ह्ये धापा का टाकतंय?"

नात खुदकन हसली. मग त्यांनी विचारलं, मशीन खातं काय? मी म्हटलं, वीज. "आगं बया! मग आमच्यात ह्ये उपाशी मरंल की. आमच्यात कुटली आलीया वीज?"

"आबा, साताऱ्यात असते वीज," सून हळूच म्हणाली.

"व्हय. तितं आसती," आबा म्हणाले, आणि घोंगडं सारखं करत उठले. "बगू म्होरल्या बाजाराला."

मेंढरू घ्यायची त्यांची एक रीत होती, ती त्यांनी मला पुढे समजावून सांगितली. पहिल्या दिवशी जनावर कधीच घ्यायचं नाही. आधी ते उपाशीपोटी बघायचं. मग पाणी पिऊन आल्यावर बघायचं. मग गर्दीत चालताना बघायचं, कारण उभ्या जनावराचा लंगडेपणा दिसत नाही. हीच रीत त्यांनी माझ्या मशिनांना लावली. सकाळी दुकान उघडताना यायचे आणि गार डबा चालू करायला लावायचे. दुपारी बाजार उरकून परत यायचे आणि तोच डबा तापल्यावर कसा आहे ते हात लावून बघायचे. दुकानात गर्दी असली की खूश व्हायचे. चार माणसं एकदम बोलत असताना मशीन बिचकतं का, हे त्यांना बघायचं असायचं.

माझ्या मदतनिसांनी त्यांचं नाव "म्होरला बाजार" असं ठेवलं होतं. लांबून पटका दिसला की कुणीतरी म्हणायचं, "आला म्होरला बाजार." मीही हसायचो. पण खरं सांगतो, तेव्हा मला त्यांचा राग यायचा. त्या वर्षांत आमचा धंदा म्हणजे नुसती फरफट होती. आज आणलेला माल बघता बघता शिळा व्हायचा. नवा पेंटियम आला की काल घेतलेलं गिऱ्हाईक भांडायला यायचं आणि आज घेणारं थांबून राहायचं. अशा वेळी आबा भिंतीला टेकून समाधानाने म्हणायचे, "बगा, थांबलो म्हनून. न्हाईतर फसलो आस्तो."

आणि तेच आबा एकदा माझ्याकडे बघत म्हणाले, "दमलासा जनू, इंजिनेर?"

त्या सगळ्या वर्षांत मला हे विचारणारं दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. त्यांनी पिशवीतून हुलग्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली. "माडगं करून प्या. आंगात ऱ्हातंय." पुढे दर खेपेला काही ना काही यायचं. कधी मटकी, कधी शेंगा. खरेदी मात्र पुढच्या बाजारावर जायची.

असा उन्हाळा गेला, दिवाळीही गेली. एक दिवस सून एकटीच आली. खुर्चीवर बसली आणि कितीतरी वेळ नुसती पदराने वारा घेत राहिली.

"भाऊ, त्यांना कुठलातरी एक सांगून टाका हो. दोन्हीतला कुठलाही."

"मी सांगतोच आहे. फोर-एटी-सिक्स तुम्हाला पुरेल."

"माझा भाऊ आता दुसरा माणूस बघतोय. त्यानं तरी किती थांबायचं? जूनमध्ये पोरीचं नाव शाळेत घालायचंय." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "ते का थांबलेत ते मला काय कळत नाही? सकाळी पोरीला खांद्यावर घेतल्याबिगर मेंढरं सोडत नाहीत. मी त्यांना आबा, मशीन घ्या असं म्हणू कसं? म्हणजे आम्हाला जाऊ द्या, असंच म्हणायचं ना ते?"

फोर-एटी-सिक्स की पेंटियम हा त्या घरातला प्रश्नच नव्हता. दोन डबे मध्ये ठेवून ती दोन माणसं एकमेकांना दुखवायचं टाळत होती, आणि त्या टाळण्यात तिची रोजीरोटी हातची जायची वेळ आली होती.

पुढच्या बाजाराला मी आबांना स्पष्ट सांगितलं. आता थांबण्यात अर्थ नाही, कुठलाही एक घ्या, दोन्ही चांगली आहेत. त्यांनी खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. मग म्हणाले, "देवाला इचारतो."

बिरोबाला कौल लावायचा हे त्यांच्याकडे काही नवं नाही. देवाच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवायच्या आणि मनातला प्रश्न विचारून वाट बघत बसायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, जागा, सगळं असंच विचारलं जातं. मी मनात म्हटलं, माझ्या हातून सुटेना, तर आता देवच सोडवू दे.

त्यानंतरच्या बाजाराला आबा आले ते डब्यावर हात न ठेवताच खाली बसले. मी चहा मागवला. तो त्यांनी तसाच गार होऊ दिला.

"लावला कौल?"

"लावला की. उजवीला पेंटियम म्हनलं, डावीला चारशे शाऐंशी. आन् बसलो. तर पुजारी वसकन आंगावर आला. म्हनला, आरं खुळ्या, देवाला ह्ये का त्ये आसं इचारत्यात व्हय? देव व्हय म्हनतुया, न्हाईतर न्हाई म्हनतुया. ह्ये का त्ये तुजं तू बग."

"मग?"

"म्या म्हनलं, माजा सवाल तसला न्हाई. त्यो म्हनला, सवाल तसलाच आसतुया. तू फिरवून इचारतुयास."

आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच पाहिलं. पांढरे, विरळ, घामाने चिकटलेले केस. ते एकदम फार म्हातारे दिसले.

"मग सरळ विचारलंत?"

"न्हाई. कळ्या काडून घेटल्या आन् उठून आलो." ते जमिनीकडे बघत होते. "इचारलं आस्तं, ह्यास्नी धाडू का, आन् देवानं उजवा दिला आस्ता, मग?"

त्यांनी हाताच्या पाठीने तोंड पुसलं.

"वाटंनं येताना मनाला म्हनलं, गड्या, देवाला इचारायचं भ्या वाटतंय, म्हंजी देव काय म्हननार त्ये तुला ठावं हाय. मग कशाला त्याला तरास दितुयास?"

मग त्यांनी पटका परत बांधला. सावकाश, एकेक पीळ नीट बसवत. आणि नेहमीच्या बाजारातल्या आवाजात म्हणाले, "त्ये पळनारं द्या. पेंटियम."

मी म्हटलं, "आबा, मजकुराच्या कामाला फोर-एटी-सिक्स..."

"आवं, आंदन दिताना कळपातली म्हातारी मेंढी दित न्हाईत. लेक सासरी निगाली की बाप चांगली ज्वान, दुदाची मेंढी काडून दितुया. ही तर म्हायेराला निगालीया. हिला कमी दिऊ व्हय?"

इतके महिने मी ज्या प्रश्नावर घसा कोरडा करत होतो, तो त्यांच्या रिवाजाने असा बसल्या जागी सोडवला.

"म्होरल्या बाजाराला दोगीस्नी घिऊन येतो," उठताना ते म्हणाले. "तयार ठिवा. ह्या खेपंला खरंच."

आले. मशीन खोक्यात भरण्याआधी आबांनी मला थांबवलं आणि कनवटीची चंची सोडली. आत बिरोबाचा भंडारा होता. मला वाटलं, बोटभर लावतील. त्यांनी मूठ भरली आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत सगळी डब्यावर उधळली. टेबल, कीबोर्ड, मी, सगळे पिवळे झालो. डब्याच्या जाळीतून किती हळद आत गेली कोण जाणे. मी घाईघाईने फडकं घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. आंदनाचं हाय." नात पिवळं नाक घेऊन टाळ्या पिटत होती. सून पाठमोरी उभी होती.

पडद्याचं खोकं त्यांनी स्वतःच्या घोंगड्यात गुंडाळलं आणि छातीशी धरून साताऱ्याच्या एसटीत नेऊन ठेवलं. ते स्वतः गेले नाहीत. मेंढरं कोण बघणार? गाडी सुटल्यावर परत दुकानात आले आणि आपल्या गाडीची वेळ होईपर्यंत भिंतीला टेकून बसले. खांद्यावर घोंगडं नव्हतं, त्यामुळे हात सारखा तिकडे जाऊन रिकामा खाली येत होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आज बाजार कसा होता, आबा?"

"चांगला हुता," ते म्हणाले. "लय चांगला हुता."

यानंतर त्यांचं माझ्याकडे काही काम नव्हतं, पण ते येत राहिले. डब्यांवर आता हात फिरवत नसत. नुसतं विचारायचे, "साताऱ्याचं मशीन कसं हाय?" मी सांगायचो, "चांगलं असणार आबा, तक्रार नाही आली."

"बिगडलं न्हाई?"

"नाही."

"आजून न्हाई?" त्यांचा चेहरा पडायचा. मशीन बिघडलं की दुरुस्तीला सांगलीत आणावं लागेल, आणि ते बाजाराच्या दिवशीच आणलं तर बरं, असा सगळा त्यांचा हिशेब होता. एकदा तर चिडूनच म्हणाले, "ज्वान दिलं हितंच चूक झाली. त्ये चारशे शाऐंशी आस्तं तर आतापतुर चार खेपा झाल्या आसत्या." मग स्वतःच हसले. सून सणासुदीला पोरीला घेऊन जायची गावी, नाही असं नाही. पण सण वर्षातून किती?

नंतर ते येईनासे झाले. त्या साली पूर्वेकडच्या त्यांच्या भागात पाण्याचे हाल होते. मला वाटलं, मेंढरं घेऊन कुठे ओलिताकडे गेले असतील. माझीही वणवण चालू होती, नवा प्रोसेसर, नवी भांडणं. दुकानात कुणी "म्होरला बाजार" म्हणेनासं झालं, आणि ते कधीपासून, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

सुनेचा फोन आला तो बऱ्याच काळाने. मशीन चालता चालता आपोआप बंद पडतं, तुम्ही साताऱ्याकडे आलात तर बघाल का? मी गेलो. मंगळवार पेठेत दोन लहान खोल्या. पुढच्या खोलीत टेबलावर पेंटियम, त्याच्यावर घोंगडं घडी करून घातलेलं. भिंतीशी छापून आलेल्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे. नात शाळेच्या गणवेशात दारात उभी होती. उंच झाली होती.

मी विचारण्याआधीच सून म्हणाली, "आबा गेले. उन्हाळ्यात. मेंढरं झाडाखाली बसवून टेकले, ते टेकलेच."

मी खुर्चीवर बसलो. मशीन चालू केलं. पंखा धापा टाकत फिरायला लागला आणि जरा वेळाने डबा बंद पडला. मी स्क्रू काढून झाकण उघडलं. आत धूळ होतीच, ती सगळ्यांच्यात असते. पण प्रोसेसरवरच्या पंख्याची पाती पिवळी होती. त्याच्याखालच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये भंडारा आणि धूळ मिळून घट्ट थर बसला होता. हवाच आत जात नव्हती. इतकी वर्षं तो बिचारा कोंडल्या श्वासाने काम करत होता.

आबा असते तर खूश झाले असते. मशीन बिघडलं होतं, आणि बिघडवलं होतं त्यांच्याच हाताने.

सून वाकून बघत होती. "काढावाच लागेल का हो तो?"

"काढावा लागेल. नाहीतर जळेल."

तिने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. मी ब्रशने हळूहळू झाडू लागलो. पिवळट राखाडी भुकटी कागदावर पडत राहिली. सगळं निघाल्यावर तिने त्यातली चिमूट उचलली, आधी पोरीच्या कपाळाला लावली, मग स्वतःच्या. धुळीसकट. मग माझ्याकडे बघून थांबली. मी कपाळ पुढे केलं.

झाकण लावून मी बटण दाबलं. पडदा उजळला. पंखा इतका हलका फिरत होता की तो फिरतोय की नाही हे बघायला पोरगी डब्याजवळ गेली आणि तिने कान लावला.

"आई, ह्याचा आवाजच येत नाही आता," ती म्हणाली.

सुनेनेही येऊन कान लावला. दोघी तशाच बराच वेळ वाकून ऐकत राहिल्या.